दोन वस्ताद, एक घोडी आणि आखाजी

आमच्या सोसायटीतल्या बायका उन्हाळ्यात सिमल्याला जातात, नाहीतर माथेरानला. मी यंदा भडगावला गेले. "तिथं काय आहे बघायला?" असं शेजारच्या सामंतबाईंनी विचारलं, तेव्हा "सिनेमा" असं मी खरं तेच सांगितलं. त्यांना ती थट्टा वाटली. ऐन वैशाखात रत्नागिरीचा समुद्र सोडून खानदेशच्या भट्टीत सिनेमा बघायला कोण जातं?

पण हा सिनेमा माझ्या भावाचा होता. माझ्या पाठची दोन भावंडं दगावली, म्हणून हा झाल्याबरोबर आईने त्याला सुपात घालून दृष्ट काढली आणि नाव ठेवलं सुपडू. त्याचा जिवलग दोस्त धुडकू. त्याला तसंच धुडक्यात, म्हणजे फाटक्या चिंधीत, गुंडाळलेलं. खानदेशात पोर जगावं म्हणून अशी नावं ठेवतात. सुपडू मोठेपणी गावच्या तालमीचा वस्ताद झाला, धुडकू लाठी फिरवण्यात तरबेज झाला, आणि पन्नाशी उलटल्यावर दोघांच्या डोक्यात आलं की आपण सिनेमा काढायचा. अहिराणीत, हाणामारीचा, पोट धरून हसवणारा, आणि गोऱ्या साहेबाच्या काळातला. नाव 'दोन वस्ताद, एक घोडी'.

सिनेमाचा शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता. तेव्हाच एका सकाळी तालमीत माती उकरता उकरता सुपडूच्या छातीत कळ आली आणि तो गेला. त्याने लग्न केलं नव्हतं. आईवडील आधीच गेलेले. त्यानंतरच्या दोन आखाज्यांना मला माहेराहून कुणाचं बोलावणं आलं नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. रत्नागिरीत त्या दिवशी फार तर सोनाराच्या दुकानात गर्दी होते. खानदेशात मात्र आखाजीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्यालाच मूळ म्हणतात.

यंदा धुडकूचा फोन आला. "अक्का, औंदा आखाजीले येजो. तुले लेवाले कोन ई? मंग हाऊ फोनच मूळ समज."

सिनेमा पुरा झाला असणार, असं मी धरून चालले. भावाला हसताना, बोलताना, चालताना पुन्हा बघायला मिळणार, एवढीच माझी हाव होती. हापूसची एक पेटी घेतली आणि निघाले.

जळगाव, मेहरूण

रत्नागिरीहून जळगावला जायला गाड्या बदलाव्या लागतात आणि माणसाचा पापड होतो, यापलीकडे त्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. जळगावला उतरले तर अंगाला घाम म्हणून नाही. आमच्या कोकणात घाम नुसता निथळत असतो. इथे तो बाहेर येण्याआधीच ऊन पिऊन टाकतं.

धुडकू स्टेशनच्या पुलाच्या पायथ्याशी उभा होता. मी लांबून हात केला, पण तो हलेना. तोंड उघडं टाकून बघत राहिला. जवळ गेल्यावर भानावर आला आणि वाकून पाया पडला.

"दूरथीन तुन्ही चाल देखी, अक्का," तो म्हणाला, "अन् माले वाटनं..." आणि त्याने पेटी उचलली.

आमच्या घराण्याची चाल ही एक स्वतंत्र कथा आहे. वडील उजवा पाय बाहेर फेकून, खांदे डोलवत चालायचे. ती चाल सुपडूत आली आणि माझ्यातही. पहेलवानाला ती शोभून दिसायची. मला लग्नात सासूबाईंनी विचारलं होतं, "सूनबाई, चप्पल चावते का?" मी कित्येक वर्षं पदर आवळून, पावलं जपून टाकून ती चाल लपवायचा प्रयत्न केला. शेवटी कंटाळून सोडून दिला.

धुडकूच्या टेंपोतून आम्ही मेहरूणला नानांच्या स्टुडिओत गेलो. नाना हे या सिनेमाचे कॅमेरामन. एरवी लग्नाची शूटिंगं घेतात, आणि ती सवय काही जात नाही. मारामारी ऐन रंगात आली की त्यांचा कॅमेरा हळूच बघ्या बायकांच्या साड्यांवरून फिरून येतो. दोन वस्ताद एकमेकांना पहिल्यांदा भेटतात, तिथे त्यांनी पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या आहेत.

नाना चहा देत म्हणाले, "ताई, सगळं जोडून तयार आहे. फक्त शेवट नाही."

"म्हणजे? अजून नाही?" मी धुडकूकडे बघितलं. तो खिडकीतून मेहरूणच्या तलावाकडे बघत होता.

"घोडी भेटत नव्हती," तो म्हणाला. "मंग नदीले पानी नव्हतं. मंग मन्ह्या मिश्या नाना कडथीन हारपन्यात."

माझ्या डोक्यात सणक गेली. पण तेवढ्यात नानांनी सिनेमा लावला.

काय सांगू तुम्हाला! आगगाडी नुकतीच खानदेशात येऊ घातलेली, साहेबाची पांढरी घोडी चोरीला गेलेली, आणि ती शोधायला एक पहेलवान आणि एक लाठीवाला निघालेले. दोघांचं एकमेकांशी क्षणभर पटत नाही. चोर बाजूला राहतात आणि हेच आधी एकमेकांना बडवून काढतात. सुपडूने धोबीपछाड टाकली की धुडकू उडून थेट कापसाच्या ढिगात पडतो. आमच्याकडे कापूस घरातच साठवतात, त्यामुळे गाद्यांचा खर्च वाचला आणि सिनेमातली प्रत्येक मारामारी कापसात येऊन संपते. गोरा साहेब म्हणजे गावातला पिठाच्या गिरणीवाला. त्याला मेकअप लागलाच नाही. तो गिरणीतून जसा यायचा तसाच उभा राहायचा, आणि रागावून टेबलावर हात आपटला की पिठाचा ढग उठायचा.

मी हसून हसून बेजार झाले. मग एका दृश्यात सुपडू नुसता केळीच्या बांधावरून चालत येतो. डोलत, पाय फेकत. तिथे मला हसता येईना. हुंदका आला तो मी आवरलाही नाही. पडदा नंतर एकदम काळा झाला. दोघं नदीकाठी पोचतात आणि तिथेच सगळं थांबतं.

"पुढे काय होतं?" मी विचारलं.

"सुपडूभाऊ नदी ओलांडून आपल्या गावी जातात," नाना म्हणाले. "धुडकूभाऊ त्यांना आपली लाठी भेट देतात आणि सापडलेली घोडी धरून काठावर थांबतात. ते जाताना मागे वळून बघत नाहीत. फक्त लाठी वर करतात. बस्, एवढंच राहिलंय."

यावल

दुसऱ्या दिवशी घोडी ठरवायला यावलला गेलो. मीच हट्ट धरला. "घोडीची अडचण आहे ना? चल, आत्ता ठरवू." धुडकूला नाही म्हणता येईना.

तापी ओलांडली की केळीचं राज्य सुरू होतं. दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती, आणि त्यांच्या पल्याड सातपुडा धुरकट निळा. केळीत शिरलं की ऊन एकदम पायरी उतरतं. सिनेमातलं जंगल म्हणजे याच बागा. खऱ्या जंगलात जायचं तर परवानगी लागते, आणि नानांना दुपारी वरणभात लागतो. ठिबकच्या काळ्या नळ्या पाचटाखाली लपवल्या होत्या, तरी एका मारामारीत सुपडूचा पाय नळीत अडकून तो खरोखर पडला. तेही सिनेमात ठेवलंय.

घोडी वरातीची होती. नाव बिजली. कपाळावर गोंडा, पायांत घुंगरू. तिचा मालक म्हणाला, "आखाजीच्या दिवशी पाचोऱ्याला लग्नाची वरात आहे. आदल्या दिवशी सकाळी भडगावला आणतो, दुपारपर्यंत तुमची. पण एक सांगून ठेवतो, वाजंत्री ऐकली की ती नाचते. मग मी जरी सांगितलं तरी थांबत नाही."

परतताना एका धाब्यावर शेवभाजी खाल्ली. लाल तर्री बघूनच डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं नारळाच्या रसात भिजलेल्या माझ्या जिभेने पहिल्या घासाला हात जोडले, आणि तिसऱ्या घासाला ती माहेरी पोचली. जेवणावर गोड म्हणून मी पिशवीतून एक हापूस काढून धुडकूपुढे धरला.

"नको अक्का," तो म्हणाला. "आखाजी व्हवू दे. पित्तरेस्ना आगोदर खाईसन कसं चाली?"

मला विसर पडला होता. खानदेशात नव्या मोसमाचा आंब्याचा रस आधी पितरांना दाखवतात, मग स्वतः खातात. कोकणात पहिला आंबा देवापुढे ठेवून लगेच कापतात, एवढा धीर आमच्याकडे नसतो. मी आंबा परत ठेवला.

गिरणाकाठ

आमचं गाव भडगावपासून जवळच, गिरणा नदीच्या काठावर. धुडकूच्या घरी त्याची बायको रेखा सांजोऱ्या तळत होती. अंगणात मातीची नवी घागर पालथी घातलेली. मी जाऊन तिच्याजवळ बसले. बोलता बोलता हापूसचा विषय निघाला, तशी तिने झारा खाली ठेवला.

"घोडी बी भेटस अक्का, पानी बी भेटस," ती म्हणाली. "यास्लेच पुरं करनं नही शे."

"का गं?"

"सिनेमा पुरा व्हयना तं घागर भरनी पडी. घागर भरी तं सुपडूभाऊ गया. म्हनीसन दोन साल व्हयनात, हाऊ मानूस आंबाले हात लावत नही."

आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. तेच त्याचं वर्षाचं पाणी. सुपडूच्या मागे मूलबाळ नाही, आणि मी दुसऱ्या घरची झालेली, म्हणून माझा तो अधिकार नाही. सुपडूने हे ओळखून हसत हसत धुडकूला सांगून ठेवलं होतं, "मन्ही घागर तूच भरजो, रेड्या." धुडकूने कबूल केलं होतं. आणि सिनेमा अपुरा तोवर सुपडू गेलाच नाही असं धरून त्याने दोन आखाज्यांत ती घागर भरलीच नव्हती.

मला आधी संताप आला. या उन्हात, जिथे चिमणीसुद्धा चोच वासून बसते, तिथे माझा भाऊ तहानलेला ठेवला होता याने! मग अंगणात बघितलं. धुडकू बाजेवर बसून लाठीला तेल लावत होता. इतकं सावकाश, की जणू त्या लाठीला अंत नाही. माझा राग विरघळला. सिनेमा पुरा व्हावा म्हणून मी आले होते, आणि तो पुरा होऊ नये म्हणून हा जिवाचं रान करत होता. प्रेम दोघांचंही एकाच माणसावर होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी घोडी आली, नाना आले, धुडकूच्या मिशाही सापडल्या. धरणातून कालव्यासाठी पाणी सोडल्यामुळे नदीत एका बाजूने पोटरीभर पाणी वाहत होतं. आता धुडकूला सबब उरली नाही. तरी त्याने एक काढलीच.

"अन् सुपडूनी जागावर कोन चाली? गावमा तशी चाल कोनले शे?"

खरंच कुणाची नव्हती. गावातल्या दोघातिघांना फेटा बांधून चालवून बघितलं. एक सैन्यात असल्यासारखा चालला, दुसरा बायकोच्या मागे बाजारात निघाल्यासारखा. नाना मान हलवत राहिले. ऊन चढत होतं. सगळे घामाघूम झालेले बघून मी कळशी घेतली आणि पलीकडच्या, वाळूत उकरलेल्या झिऱ्यावरून गोड पाणी आणायला वाळूतून निघाले.

परत आले तर नाना कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे बघत बसलेले. त्यांनी सहज म्हणून मला पाठमोरं टिपलं होतं. त्यांनी कॅमेरा धुडकूपुढे धरला. धुडकूने बघितलं, आणि उठून सरळ घोडीपाशी जाऊन उभा राहिला.

मला समजलं. आणि एकदा समजल्यावर मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

"रेखा, धोतर नेसव मला," मी म्हटलं.

"बाईमानूस धोतर नेसी?" धुडकू तिकडून ओरडला. "बठ्ठं गाव हासी!"

"हासू दे," मी ओरडले. किती वर्षांनी माझ्या तोंडून अहिराणी निघाली! "कॉमेडी पिक्चर शे ना तुन्हा?"

नाना खो खो हसले. रेखाने पदर तोंडाला लावला. मग तिनेच सुपडूचं धोतर, बंडी आणि केशरी फेटा ट्रंकेतून काढून आणला. घडी करून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेला. बंडी खांद्यांत ढगळ झाली. तिला अजून त्याच्या तालमीच्या मातीचा आणि तेलाचा वास होता. मी तो वास पोटभर घेतला आणि म्हटलं, "चला."

धुडकू लाठी घेऊन समोर आला. फेट्याखालचं माझं तोंड त्याने बघितलं नाही. लाठी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली आणि बाजूला झाला. मी वळले आणि चालायला लागले.

पहिल्या खेपेला पलीकडच्या गावात कुणाच्या तरी हळदीचा बँड सुरू झाला आणि बिजलीने कंबर हलवली. लगाम धरलेला धुडकू तिच्या मागे वाळूत गोल गोल नाचत निघाला. नानांनी ते सगळं टिपलं, वर "सुंदर! सुंदर!" असंही ओरडले. बँड थांबायची वाट बघत आम्ही सावलीत बसलो, आणि सगळ्यांना एवढं हसू फुटलं की थांबेना. सुपडू असता तर वाळूत लोळला असता, असं मला वाटलं. ते मी बोलूनही दाखवलं. मग नाना उठून कॅमेऱ्यामागे गेले.

दुसऱ्या खेपेला मी पदर आवळायची सवय वाळूत टाकून दिली. खांदे सोडले, उजवा पाय मनसोक्त बाहेर फेकला. वडील आठवले, सुपडू आठवला. पाण्यात पाऊल पडलं, थंडगार. सिनेमात इथे धुडकूने मागून डिवचायचं होतं, "ओ रेड्या, म्हागे देखू नको, पडशी!" मी ते वाक्य ऐकायला कान लावून चालत होते.

"सुपडू!" मागून हाक आली. "सुपडू रे!"

सिनेमात त्या पहेलवानाचं नाव राणोजी होतं.

माझं सगळं अंग मागे वळायला निघालं. बहिणीचं काय, कुणाचंही निघेल. पण मला ठाऊक होतं, मी वळले तर त्याला माझं तोंड दिसेल, आणि मग सुपडू जायचा राहील. मी दात आवळले, लाठी वर केली आणि पाणी ओलांडून पलीकडच्या दरडीपर्यंत चालत गेले. 'कट' कुणी म्हणालंच नाही.

परत आले तेव्हा धुडकू वाळूत बसला होता. मिशी एका बाजूने सुटून लोंबत होती. नाना चाचरत म्हणाले, "भाऊ, नाव चुकलं. पुन्हा घ्यायचं का?"

"ऱ्हाऊ दे, नाना," धुडकू म्हणाला. "बराबर शे."

आखाजी

सकाळी रेखाने उंबरठा सारवला. आखाजीला घरातला कर्ता पुरुष एकेका पितराचं नाव घेऊन उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढतो. धुडकूने आज्याचं ओढलं, बापाचं ओढलं, काकाचं ओढलं. मग त्याचं कुंकवात बुडवलेलं बोट तसंच हवेत थांबलं. आम्ही दोघी वाट बघत होतो. बाहेर निंबाला बांधलेल्या झोक्यावर बायका गाणी म्हणत होत्या.

"नाव तू ले, अक्का," तो म्हणाला. "मन्हा तोंडमाईन निंघी नही ऱ्हायनं."

मी नाव घेतलं. त्याने बोट ओढलं. मग नवी घागर पाण्याने काठोकाठ भरली, वर छोटं लोटकं, त्यावर खरबूज आणि दोन सांजोऱ्या ठेवल्या. गोवरीच्या निखाऱ्यावर तुपाचा आणि रसपोळीचा घास टाकला. धूर सरळ वर गेला. धुडकू घागरीला हात जोडून म्हणाला, "पे रे भो. पोटभर पे." त्यानंतर तो रडला, आणि मीही रडले. रेखा आम्हाला रडू देऊन पोळ्या करायला गेली.

मातीच्या खापरावर भाजलेली ती पुरणपोळी आणि वाटीभर रस यांचं वर्णन मी करणार नाही. तुम्ही तिथे जाऊनच खा. धुडकूने दोन वर्षांनी रस तोंडाला लावला, तो मी आणलेल्या हापूसचा. बोटाने वाटी निपटून काढली.

"आंबा बरा शे," शेवटी म्हणाला. "पन रस कमी निंघस."

मला बरं वाटलं. सुपडूही दर वर्षी हेच म्हणायचा.

रत्नागिरी

परत येऊन काही दिवस झाले आणि नानांनी पुरा सिनेमा मोबाइलवर पाठवला. आमच्या ह्यांनी तो टीव्हीला जोडला. अहिराणी त्यांना निम्मीच कळते, तरी गिरणीवाला साहेब आला की ते खुर्चीत उसळत होते. शेवटी नदी आली. केशरी फेट्याचा माणूस लाठी घेऊन पाण्यातून निघाला, मागून हाक आली, त्याने न वळता लाठी वर केली आणि लांब लांब होत गेला. नानांनी पाकळ्या पाडल्या नव्हत्या.

"काय चालतो गं तुझा भाऊ!" हे म्हणाले. "गेला, पण ऐट सोडली नाही त्याने."

त्यांना मी तिथलं सगळं सांगितलं होतं, एवढं एक सोडून. मी उठले आणि पाणी आणायला स्वयंपाकघराकडे निघाले. मागे त्यांची खुर्ची करकरली.

"मंगल," ते म्हणाले. "थांब जरा. परत एकदा चाल बघू."

"आधी पाणी आणते," मी मागे न बघता म्हटलं.